चाकांवरचे घर आणि इटास्काचे अरण्य

अमेरिकेतील वनोद्यानांचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन ही मध्यवर्ती सरकारच्या ताब्यातील जगद्विख्यात राष्ट्रीय उद्याने उभी राहतात. परंतु त्या देशातील सामान्य गृहस्थ, ज्याला शुक्रवारी सायंकाळी कचेरी सुटल्यावर मुलाबाळांसह रानात जाऊन रविवारी रात्रीपर्यंत घरी परतावयाचे असते, तो ज्या अरण्यात जातो ते बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या राज्याने राखलेले असते. या राज्योद्यानांची परंपरा राष्ट्रीय उद्यानांहून थोडी जुनीच म्हणावी लागेल, कारण १८६४ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, लिंकनच्या सहीने योसेमिटीचे खोरे लोकांच्या उपभोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करण्यात आले आणि ते केंद्राकडे पूर्णपणे परत गेले ते १९०६ साली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले ते मधल्या काळात, १८७२ मध्ये. न्यूयॉर्क राज्याने १८८५ साली नायगारा धबधब्याच्या काठची जमीन खाजगी मालकांकडून सोडवून घेतली, आणि त्यानंतर सहा वर्षांनी मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने, केवळ एका मताच्या आधिक्याने, इटास्का सरोवराभोवतीचे पाइनवन राज्योद्यान म्हणून राखून ठेवण्याचा कायदा मंजूर केला.

या इटास्काविषयी, आणि तेथे मोटारीमागे घर जोडून जाणाऱ्या प्रवाशांच्या मुक्कामाविषयी, येथे विस्ताराने लिहावयाचे आहे. वन्य प्रदेश कुंपण घालून बंद करणे हे काम तुलनेने सोपे आहे. परंतु तोच प्रदेश लोकांना झोपण्याबसण्यासाठी खुला करावयाचा, आणि तरीही त्यातील झाडांची मुळे, पाणथळी व रात्रीची शांतता शाबूत ठेवावयाची, यासाठी जी बारीक तजवीज करावी लागते ती प्रवाशाच्या सहसा लक्षातही येत नाही. ती लक्षात यावी एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

इटास्काचे माहात्म्य असे की, मिसिसिपी नदी या सरोवरातून निघते. त्या मुलखात ओजिब्वे लोकांची वस्ती होती, आणि हेन्री स्कूलक्राफ्ट या गोऱ्या संशोधकाला १८३२ साली या सरोवरापर्यंत ज्याने आणून पोहोचविले तो ओझाविंदिब हा त्यांचाच एक नायक. उगमाच्या ‘शोधा’चे श्रेय पुस्तकांतून स्कूलक्राफ्टला मिळाले असले तरी ज्याला वाट ठाऊक होती त्याचे नाव प्रथम घेणे मला न्यायाचे वाटते. त्याही फार पूर्वी, सुमारे ८,००० वर्षांमागे, या सरोवराकाठी शिकारी लोक रानगव्यांसारख्या बायसनांना गाठून मारीत असत, हे उत्खननात सापडलेल्या अस्थींवरून व दगडी हत्यारांवरून सिद्ध झाले आहे. पुढे उगम नेमका कोणता याविषयी वाद माजला, तेव्हा जेकब ब्रॉवर हा भूमापक १८८८ साली पाहणीसाठी आला. वादाचा निकाल तर त्याने लावलाच, परंतु सभोवारची पाइनची अरण्ये लाकूडतोड कंपन्यांच्या करवतीखाली कशी झपाट्याने चालली आहेत हे पाहून, त्याने उर्वरित आयुष्य या वनाच्या रक्षणाला वाहिले. उद्यानाचा पहिला आयुक्त म्हणून त्याने वेतनही घेतले नाही.

परंतु कायदा झाला म्हणजे वन वाचले असे नव्हे. उद्यानाच्या हद्दीत कित्येक खाजगी मालक्या तशाच राहिल्या होत्या, आणि तोडलेले ओंडके पुराच्या पाण्याबरोबर खाली वाहवून नेता यावेत म्हणून एका लाकूडतोड कंपनीने सरोवराच्या मुखाशी बांध घालून पाणी अडविले होते, त्यामुळे काठची झाडे पाण्यात उभी राहून मरू लागली होती. १९०३ साली आयुक्तपदावर असलेल्या वडिलांचा मृत्यू झाल्यामुळे मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या मुलीकडे तो अधिकार आला. तिने बांधाची दारे उघडण्याचा हुकूम दिला, आणि शस्त्रधारी माणसे समोर उभी असतानाही ती मागे हटली नाही. काही महिन्यांतच तिला त्या पदावरून दूर व्हावे लागले. आज उगमाजवळच्या माहिती-केंद्राला तिचे नाव दिलेले आहे, आणि या उद्यानाच्या साऱ्या इतिहासात एवढे यथोचित असे नामकरण दुसरे झाले नसेल.

आता चाकांवरच्या घराकडे वळू. मोटार सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आली त्याबरोबर अमेरिकन माणूस तंबू, भांडीकुंडी आणि डबाबंद अन्न घेऊन रस्त्याला लागला. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा शहराच्या एका उद्यानात अशा फिरस्त्यांनी आपली एक संघटनाच स्थापन केली आणि पत्र्याच्या डब्यावरून तिला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ असे नाव दिले. रोज संध्याकाळी तंबू ठोकण्याच्या कटकटीतून सुटका म्हणून मोटारीमागे ओढावयाची लाकडी खोली आली, आणि तिला पुढे सुबक रूप दिले ते मुख्यतः विमानविद्येतील माणसांनी. हॉली बोलस हा ग्लायडरांचा रचनाकार. लिंडबर्गने ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा. त्याने १९३४ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, वाऱ्याला कमीत कमी अडथळा करणारा ट्रेलर घडविला. वॉली बायमने त्याच धर्तीवर १९३६ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ बाजारात आणला, आणि रुपेरी, गोलसर पाठीचे ते घर अमेरिकेच्या रस्त्यांवर आजही ओळखू येते.

असे घर ओढणे ही एक विद्या आहे, आणि तिचे पहिले सूत्र आपल्याकडील गाडीवानाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले आहे. बैलगाडीत माल मागच्या बाजूस जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि चढावर तर अनर्थ ओढवतो. म्हणून थोडा भार नेहमी पुढे, जुवावर पडेल असाच माल रचावा लागतो. ट्रेलरचेही तंतोतंत हेच. त्याच्या एकूण वजनापैकी सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीतून मोटारीच्या मागील गोळ्यावर पडला पाहिजे. तो त्याहून कमी असेल, म्हणजे जड सामान आसाच्या मागे रचले असेल, तर ताशी पन्नास-साठ मैलांच्या वेगात एखादा मोठा मालट्रक शेजारून जाताच हवेच्या धक्क्याने ट्रेलरची शेपटी एका बाजूला सरकते, परत येताना मध्यावर न थांबता दुसऱ्या बाजूला जाते, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत होत अखेरीस घरच मोटारीला फिरवू लागते. अशा वेळी नवशिक्या माणूस घाबरून मोटारीचा ब्रेक दाबतो, आणि मोटार मंदावली तरी मागचा भार पुढे रेटतच राहिल्यामुळे ओढ आणखी बिघडते. जाणत्याचा उपाय असा की, वेगावरील पाय हलकेच काढावा, सुकाणू सरळ धरून ठेवावे, आणि चालकाच्या हाताशी बसविलेल्या कळीने फक्त ट्रेलरचे विजेचे ब्रेक लावावे, म्हणजे मागचे घर स्वतःच ताणले जाऊन सरळ रेषेत येते.

वजनाचा हिशेब करताना पाण्याचा विसर बहुतेकांना पडतो. दीडशे लिटरांची पिण्याच्या पाण्याची टाकी भरून निघाले तर दीडशे किलोचा, शिवाय आतल्या आत डचमळणारा बोजा आपण वाहत असतो; म्हणून जेथे मुक्कामी पाणी मिळण्याची खात्री आहे तेथे टाकी रिकामी ठेवून जाणे, आणि तेथे पोहोचल्यावर ती भरणे, हाच शहाणपणाचा शिरस्ता. जोडणी करताना दांडीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवितात. गोळ्यावरून दांडी निसटलीच तर ती रस्त्यावर न आदळता त्या फुलीच्या झोळीत पडावी, हा त्यातील हेतू. त्याखेरीज एक बारीक तार मोटारीला वेगळी अडकविलेली असते. घर पूर्णपणे सुटलेच तर ती तार एक खुंटी उपसते, आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांपासून इटास्का उत्तरेकडे सुमारे २२० मैलांवर आहे. ट्रेलर ओढत गेले तर पाच तास धरावेत, कारण अशा ओझ्यासह घाई करणे हे केवळ धोक्याचेच असते असे नाही, पेट्रोलचा खर्चही वाऱ्याच्या विरोधामुळे वेगागणिक फार झपाट्याने वाढतो.

उद्यानात शिरून मुक्कामाच्या भागाकडे वळले की जी रचना दिसते, तिच्यासाठी आपण एका वनस्पति-रोगतज्ज्ञाचे ऋणी आहोत. एमिलिओ माइनेके हे त्याचे नाव. १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवुड वृक्षांच्या पायथ्याशी मोटारवाले प्रवासी मन मानेल तेथे गाड्या उभ्या करून तळ देऊ लागले, आणि हजार वर्षे वादळांना व वणव्यांना पुरून उरलेली झाडे शेंड्याकडून वाळू लागली. माइनेकेने झाडाच्या खोडात रोग न शोधता पायाखालची माती तपासली. अन्नपाणी शोषणारी झाडाची कोवळी मुळे वरच्या थोड्याशा थरातच पसरलेली असतात. त्या थरातील मातीच्या कणांमध्ये ज्या सूक्ष्म पोकळ्या असतात त्यांतून त्यांना हवा आणि पाणी मिळते. चाकांच्या व पावलांच्या अखंड दाबाने त्या पोकळ्या मिटतात, पाऊस आत न मुरता वरून वाहून जातो, आणि मूळ गुदमरते. म्हणजे कोणी कुऱ्हाड न उचलता, केवळ प्रेमाने त्या वृक्षाखाली राहावयास आलेल्या माणसांमुळे तो वृक्ष मरत होता. या निदानाचे मोठेपण मला असे वाटते की, त्यात दुष्ट असा कोणीच नव्हता; सुधारावयाची होती ती जागेची मांडणी, माणसांचा स्वभाव नव्हे.

१९३२ साली त्याने जी योजना मांडली ती अशी. मुक्कामाच्या क्षेत्रात एकाच दिशेने जाणारा अरुंद वळसेदार रस्ता असावा. त्या रस्त्याला बगलेत फुटलेल्या, एकेक गाडी मावेल एवढ्या तिरक्या फाट्या असाव्यात. फाटीच्या दोन्ही अंगांना मोठे दगड किंवा ओंडके असे पुरून बसवावेत की गाडी त्यापलीकडे जाऊच शकणार नाही. आणि प्रत्येक जागेत टेबल व चूल कायमची एका ठिकाणी बसवावी. टेबल आणि चूल पक्की असली म्हणजे माणसे त्या दोहोंमध्येच वावरतात, तेवढी माती तुडविली जाते, आणि दोन मुक्कामांच्या दरम्यानची झुडपे न तुटता वाढून आपोआप पडद्याचे काम करतात. हुकूम, फलक, दंड यांचा आधार फारसा न घेता माणसाला हवे तेथे चालविण्याची ही युक्ती होती. १९३३ मध्ये मंदीच्या खाईत सापडलेल्या देशातील बेकार तरुणांसाठी रूझवेल्टने जे नागरी संवर्धन दल काढले, आणि ज्यात १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी महिना ३० डॉलरवर काम केले, त्या दलाच्या हातून ही आखणी देशभर शेकडो उद्यानांत प्रत्यक्षात उतरली. या तीस डॉलरांपैकी सामान्यतः पंचवीस डॉलर परस्पर घरी पाठविले जात. म्हणजे ज्या पायवाटांवरून आपण आज चालतो त्यांनी एके काळी हजारो चुली पेटत्या ठेवल्या आहेत.

ट्रेलर आले तेव्हा मात्र माइनेकेलाही चिंता वाटली, कारण ज्या फाटीत मोटार सहज शिरते तीत मोटार अधिक घर ही लांबलचक जोडी उलटी शिरविणे अवघड होते, आणि चालक झाडांमधून मोकळी वाट शोधू लागतो. त्यावर पुढे दोन तोडगे निघाले: काही फाट्या लांब व रुंद करण्यात आल्या, आणि काही ठिकाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येईल अशा अर्धवर्तुळाकार जागा आखण्यात आल्या. आजही उद्यानाच्या आरक्षणात प्रत्येक जागेपुढे तिची लांबी फुटांत दिलेली असते, आणि आपल्या घराची लांबी न पाहता जागा धरणाऱ्याला सायंकाळच्या अंधारात त्याचे फळ भोगावे लागते.

मागे शिरविण्याची क्लृप्ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मोटारीचे सुकाणू उजवीकडे वळविले तर मागचे घर डावीकडे जाते, आणि हे उलटे गणित डोक्यात ठेवून वळणे घेणे फार कठीण. म्हणून हात सुकाणूच्या वरच्या कडेला न ठेवता खालच्या कडेला ठेवावा. मग हात ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला घर सरकते. एका माणसाने खाली उतरून चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने थांबावे, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ नुकसान टळते.

घर जागेवर आले की प्रथम ते आडवे समतल करावयाचे, म्हणजे जी बाजू खाली असेल तिच्या चाकाखाली फळ्या घालून वर घ्यावयाचे. त्यानंतर चाकांना दोन्ही बाजूंनी पक्क्या उट्या लावावयाच्या. आणि त्यानंतरच मोटार सोडून दांडीखालच्या जॅकने पुढचा-मागचा उतार काढावयाचा. हा क्रम उलटा झाला तर उतारावर सुटलेले घर माणसाचे ऐकत नाही. समतल करणे हे केवळ झोपेच्या सुखासाठी नसते. कित्येक ट्रेलरांतील शीतकपाट गॅसच्या ज्योतीवर चालते, आणि ज्योतीने थंडी कशी निर्माण होते हे पाहण्यासारखे आहे: १९२२ साली स्टॉकहोममधील फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या या यंत्रात पाण्यात विरघळलेला अमोनिया उष्णतेने बाहेर पडतो, वर जाऊन थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वायुरूप होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, आणि शेवटी पाण्यात मिसळून खाली ज्योतीपाशी परततो. यात एकही फिरता भाग नाही. हे सारे अभिसरण उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर अवलंबून. घर कललेले असेल तर द्रव एखाद्या नळीत साचून राहतो, अभिसरण थांबते आणि यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. अलीकडे बॅटरीवर चालणारी कंप्रेसरची शीतकपाटे येऊ लागली आहेत, त्यांना ही अडचण नसते.

विजेची जोडणी बहुधा १२० व्होल्टांवर ३० अँपियरची, म्हणजे ३,६०० वॉटची. वातानुकूलन चालू असतानाच विजेची चूल लावली तर कळ तुटते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे कुटुंबात आपोआप पाळी लावून घेण्याची सवय लागते. सांडपाण्याच्या मात्र दोन निराळ्या टाक्या असतात, एक शौचालयाची आणि एक हातमुखप्रक्षालनाची व भांड्यांची; दोहोंतले पाणी जमिनीवर सोडण्याला सक्त मनाई आहे, आणि निघतेवेळी ठरावीक ठिकाणी जाऊन आधी शौचालयाची टाकी आणि मागून दुसरी रिकामी करावी लागते, म्हणजे दुसरीच्या तुलनेने स्वच्छ पाण्याने नळी धुऊन निघते.

सरपणाचा नियम प्रवाशांना जाचक वाटतो, परंतु त्यामागील कारण गंभीर आहे. पूर्व आशियातून आलेला पाचूच्या रंगाचा एक भुंगा २००२ साली मिशिगन राज्यात प्रथम आढळला. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी बोगदे खोदून रसवाहिन्या तोडतात, आणि कोट्यवधी वृक्ष त्यामुळे मेले आहेत. तो भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला शेकडो मैल पुढे नेले ते मोटारीच्या मागे टाकलेल्या घरच्या सरपणाने. म्हणून मिनेसोटाच्या राज्योद्यानांत मान्यताप्राप्त विक्रेत्याचेच सरपण आणण्याची मुभा आहे. तसेच खाद्यपदार्थ रात्री टेबलावर ठेवू नयेत, कारण या वनात काळी अस्वले आहेत. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल पुढे निर्ढावते आणि बहुतेक वेळा त्याची शिक्षा माणसाला न होता अस्वलालाच भोगावी लागते.

इटास्काचा भूप्रदेश पायी चालणाऱ्याला अनुकूल आहे. येथे डोंगर नाहीत. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थराने आणून टाकलेल्या दगडमातीच्या टेकड्या आहेत, आणि त्या मातीत गाडले गेलेले बर्फाचे मोठमोठे खंड कालांतराने वितळल्यावर जे खड्डे पडले त्यांत साचलेली सरोवरे आहेत. सुमारे ३२,००० एकरांच्या या उद्यानात अशी लहानमोठी शंभरांहून अधिक तळी आहेत. म्हणून पायवाट सारखी थोडी चढते, थोडी उतरते, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी झाडांमधून पाणी चमकते. नवख्याने डग्लस लॉजजवळून निघणाऱ्या डॉक्टर रॉबर्ट्स पायवाटेने सुरुवात करावी, कारण सुमारे दोन मैलांत ती पाणथळ, ओक, बर्च आणि जुने पाइन यांचे सारे नमुने दाखविते. ज्याचे पाय बरे चालतात त्याने सरोवराच्या पूर्व किनाऱ्याने ब्रॉवरच्या नावाची पायवाट धरावी. तिच्या वाटेवर ‘प्रीचर्स ग्रोव्ह’ नावाची तांबड्या पाइनची राई लागते.

त्या राईतील वृक्ष अडीचशेहून अधिक वर्षांचे आहेत, आणि ते जवळजवळ एकाच वयाचे का, याचे उत्तर अग्नीत आहे. तांबड्या पाइनचे बी पालापाचोळ्याच्या जाड थरावर रुजत नाही. त्याला उघडी माती आणि भरपूर ऊन लागते, आणि दोन्ही गोष्टी वणव्याने मिळतात. अठराव्या शतकाच्या आरंभी येथून वणवा गेला, त्यानंतरच्या मोकळ्या जमिनीत ही पिढी उगवली, आणि जाड सालीमुळे नंतरच्या लहान आगी तिने सोसल्या. पुढे राज्याने हे वन संरक्षित केले आणि आग दिसली की विझविण्याचा बंदोबस्त केला; परिणाम असा झाला की जुनी झाडे वाचली, पण त्यांच्याखाली त्यांची संतती उगवेनाशी झाली, आणि शिकारीला मज्जाव असल्यामुळे वाढलेल्या हरणांनी जी थोडी रोपे उगवली तीही खाऊन टाकली. म्हणून आता अधिकारी नियोजित आग लावतात, हरणांच्या शिकारीला ठरावीक मुदतीत परवानगी देतात, आणि पांढऱ्या पाइनच्या रोपांच्या शेंड्यावर हिवाळ्यापूर्वी कागदाची घडी टाचतात, म्हणजे हरिण तो वाढीचा अंकुर खात नाही. पायवाटेच्या कडेला कमरेएवढी रोपे डोक्यावर कागद लावून उभी दिसली तर तो कचरा समजून कोणी काढू नये.

जंगलात चालताना खऱ्या भयाची गोष्ट अस्वल नसून गोचीड आहे. मिनेसोटात काळ्या पायांची गोचीड लाइम नावाचा ज्वर पसरविते. परंतु ती अंगाला चिकटल्यापासून रोगाचे जंतू देण्यास सामान्यतः चोवीस तासांहून अधिक अवधी घेते, तेव्हा पायमोजांत पँट खोचणे, वाटेच्या मध्याने चालणे, आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत व केसांत नीट पाहणे, एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो. चढायची हौस असेल तर दक्षिणेकडील एटन हाइट्सचा शंभर फुटी जुना टेहळणी-मनोरा आहे, जेथून पूर्वी वणव्याचा धूर शोधीत असत.

राहिली उगमाची जागा. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा किंवा महाबळेश्वरी कृष्णेचा उगम ज्याने पाहिला आहे त्याला अशा स्थळी माणूस का येतो हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सरोवराच्या उत्तर टोकाला दगडांची एक ओळ, तिच्यावरून निघणारा सुमारे वीस फूट रुंद आणि गुडघाभर खोल प्रवाह, आणि शेजारी एका ओंडक्याच्या खांबावर उंची १,४७५ फूट व पुढचा मार्ग २,५५२ मैल असे आकडे कोरलेले. येथून निघालेला पाण्याचा थेंब मेक्सिकोच्या आखातात पोहोचावयास सुमारे ९० दिवस लागतात असे सांगतात. परंतु ज्या दगडांवरून पाय जपत लोक मिसिसिपी ओलांडतात ते तेथे निसर्गाने ठेवलेले नाहीत. १९३० नंतरच्या दशकात नागरी संवर्धन दलाच्या माणसांनी येथील दलदल भरून काढली, प्रवाहाला नवे पात्र दिले, आणि काँक्रीटचा बुटका बांध दगडांखाली झाकला. त्याआधी नदीचे मुख चिखलात हरवलेले होते आणि प्रवासी ते शोधताना काठ तुडवीत असत. पुष्कळांना हे कळले म्हणजे फसवणूक झाल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. लाखो पावलांना एका ठरावीक जागी उभे करून बाकीचा किनारा सोडवावयाचा, ही माइनेकेच्या दगड-ओंडक्यांचीच रीत नदीच्या मुखाशी लावलेली आहे, आणि पाणी मात्र खरोखर मिसिसिपीचेच आहे.

येथे जावयाचे असेल तर उन्हाळ्यातील शनिवार-रविवार टाळावेत. जून-जुलैत डासांचा उपद्रव असह्य होतो आणि जागा मिळणेही कठीण असते. मिनेसोटातील राज्योद्यानांत मुक्कामाची जागा १२० दिवस आधी धरता येते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी मेच्या अखेरीस अर्ज करावा. त्या पंधरवड्यापर्यंत मॅपल व बर्चची पाने रंगावयास लागलेली असतात, डास ओसरलेले असतात, आणि रात्री पारा शून्याजवळ उतरत असल्यामुळे गॅसची टाकी भरून नेणे, भट्टी आधी घरीच पेटवून पाहणे, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलणे, या तीन गोष्टी निघण्यापूर्वी अवश्य कराव्यात.